शाईने माखलेला तळवा
काजळी आणि सरस यांपासून केलेली शाई तळव्याला लावून, जमिनीवर अंथरलेल्या कागदावर प्रेक्षकांनीच ठसे उमटवायचे, अशी या प्रदर्शनाची रचना आहे. १९६० मध्ये पॅरिसला फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइनने निळ्या रंगाने माखलेल्या मॉडेलांकडून चित्रे घडवून घेतली, तेव्हा प्रेक्षक बसून पाहत होते. येथे मात्र आपलेच हात काळे होतात. सच्छिद्र कागद शाई इतक्या झपाट्याने शोषतो, की अंगठा क्षणभर रेंगाळला तरी रेषांची नक्षी बुजून नुसता डाग उरतो. हलकेच टेकवून उचललेला तळवा मात्र भेगांसकट उमटतो. माझ्या ठशावर नंतर एका लहान मुलीचे पाऊल पडले आणि (खरे सांगायचे तर) चित्र सुधारले. हात धुण्याची सोय अगदीच तोकडी होती. नखांतली शाई दोन दिवस हटली नाही.