बीजिंगची शंभर युआनवाली सहल: चीनची भिंत बघायला जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

बाबांनी वाईच्या शाळेत 32 वर्षं इतिहास शिकवला. चीनची भिंत त्यांनी फळ्यावर किती वेळा काढली असेल, त्याची गणतीच नाही. जून 2019 मध्ये माझं कंपनीचं काम बीजिंगला निघालं, तेव्हा त्यांना बरोबर घेऊन गेले आणि परतीच्या आदला अख्खा दिवस फक्त भिंतीसाठी राखून ठेवला.

माहिती काढूनच गेलो होतो. 877 नंबरची बस देशेंगमेनच्या जुन्या बुरुजापासून थेट बादालिंगला, म्हणजे भिंतीच्या सगळ्यांत प्रसिद्ध भागाकडे जाते, भाडं 12 युआन, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. सकाळी मेट्रोतून बाहेर पडलो, तर बुरुजाच्या अलीकडेच निळा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक माणूस आडवा आला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, 877 आज बंद आहे, ही दुसरी गाडी तिकडेच जाते. त्या गाडीच्या काचेवरही 877 लिहिलेला कागद होता. भिंत, मिंग राजघराण्यातल्या सम्राटांच्या समाध्या, तिकिटं, गाइड, जेवण, सगळं मिळून माणशी 100 युआन, म्हणजे तेव्हाचे जवळपास हजार रुपये. आम्ही चढलो. खरी बस तिथून पाच मिनिटांच्या अंतरावर उभी होती. तेवढं चालून खात्री करून घेतली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

हिशेब तर तिथेच करायला हवा होता. त्या मोसमात बादालिंगचं तिकीट 40 युआन आणि त्या समाध्यांपैकी दिंगलिंगचं 60. आमचे शंभर दोन तिकिटांतच संपत होते. मग डिझेल, ड्रायव्हर, गाइड आणि जेवण कुणाच्या पैशांतून? आमच्याच, पण दुकानांच्या वाटेने.

पहिला थांबा भिंत नव्हता, जेडचं दुकान होतं. आत एकच वाट, दोन्ही बाजूंना काउंटर, आणि बाहेर पडायचं दार थेट शेवटी. दीड तास तिथे गेला. गाइड प्रत्येकाच्या हातातली पिशवी बघत होती. ज्यांनी काही घेतलं नाही, त्यांच्याशी नंतर ती धड बोललीही नाही.

अकरा वाजून गेल्यावर भिंतीपाशी पोचलो. वेळ मिळाला 45 मिनिटं. बाबा चढले, गड चढताना चढतात तसे, वाकून प्रत्येक दगड बघत. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "अगं, हे बांधकाम फार नवं वाटतंय. चुना दिसत नाही कुठे, सिमेंट आहे." मिंग काळात चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळायचे, हे त्यांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. मी म्हटलं, बाबा, डागडुजी केली असेल. बादालिंगचीही मोठी डागडुजी झालेली आहेच, त्यामुळे माझं म्हणणं मलाही पटलं.

जेवणानंतर गाडी एका 'पारंपरिक औषधोपचार केंद्रा'वर थांबली. पांढऱ्या कोटातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बाबांची नाडी फुकट बघितली. मग दुभाषी मुलगी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, यकृत कमजोर आहे, रक्त घट्ट झालंय, आत्ता औषध सुरू केलं नाही तर धोका आहे. बाबांना मधुमेह आहे. परदेशात, अनोळखी खोलीत, वडिलांबद्दल असं कुणी बोललं की माणूस कागद मागत नाही. मी 860 युआन मोजले. पावती मिळाली नाही. वाईला परतल्यावर आमच्या डॉक्टरांनी त्या डब्या बाजूला ठेवायला सांगितलं, आणि बाबांचे रिपोर्ट होते तसेच होते.

दिंगलिंगला पोचेपर्यंत प्रवेश बंद झाला होता. 1956 ते 58 या काळात उत्खनन झालेली वानली सम्राटाची ही समाधी, जमिनीखालचा तो दगडी महाल, बाबांना भिंतीइतकाच बघायचा होता. फाटकाबाहेर त्यांचा एक फोटो काढला. संध्याकाळी आम्हाला भलत्याच मेट्रो स्टेशनवर उतरवून गाडी निघून गेली.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्या गाडीत आम्ही दोघंच परदेशी होतो. बाकीचे चीनच्याच दुसऱ्या प्रांतांतून आलेले, बहुतेक बाबांच्याच वयाचे. एका बाईने फोनवर भाषांतर करून मला दाखवलं: "आम्हीसुद्धा फसलो." तेव्हा ही 'चिनी लोकांची' लबाडी म्हणून मी सांगत नाहीये. त्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांनाही हेच भोगावं लागतं.

खरा धक्का हॉटेलवर बसला. रिसेप्शनवरच्या मुलीने आमची तिकिटं हातात घेतली आणि म्हणाली, "हे बादालिंग नाही. हे श्वेइग्वान आहे." जवळचाच वेगळा भाग, नव्याने उभारून 1990च्या दशकात पर्यटकांसाठी उघडलेला. बाबांचा डोळा चुकला नव्हता. त्या मुलीनेच सांगितलं की 1 ऑक्टोबर 2013 पासून लागू झालेल्या चीनच्या पर्यटन कायद्यात अशा पडेल भावाच्या, सक्तीच्या खरेदीच्या सहलींना बंदी आहे. सहल संपल्यापासून 30 दिवसांच्या आत माल परत करून पैसे मागता येतात, आणि तक्रारीसाठी बीजिंगमध्ये 12345 हा नंबर आहे. पण तिने करारपत्र मागितलं, पावती मागितली, गाडीचा नंबर विचारला. माझ्याकडे तिकिटांशिवाय काहीच नव्हतं आणि सकाळी विमान होतं.

म्हणून जाणाऱ्यांनी एवढं करा. बसमध्ये चढण्याआधी गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. सहल घेतलीच, तर कुठे किती वेळ थांबणार आणि दुकानं किती, हे सही-शिक्क्याच्या कागदावर घ्या. नाडी बघायला हात पुढे करू नका. आणि बादालिंग तीन अक्षरांत लिहितात, त्यातलं पहिलं अक्षर लक्षात ठेवा: दोन तिरक्या रेषा, वरच्या टोकाला न जुळलेल्या छपरासारख्या. तो चिनी आठचा आकडा आहे. तिकिटावर ते अक्षर नसेल, तर गाडीतून उतरण्याआधी विचारा; असलं, तरी एकदा विचारून खात्री करून घ्या.

आम्ही परतलो त्याच वर्षी, डिसेंबर 2019 मध्ये, बीजिंगहून बादालिंगला वेगवान रेल्वे सुरू झाली. तिथलं स्टेशन डोंगराच्या पोटात, शंभर मीटरहून जास्त खोल आहे. ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी वही उघडून त्या दोन तिरक्या रेषा पुन्हा एकदा काढून बघितल्या आणि विचारलं, "स्टेशनातून वर यायला लिफ्ट आहे ना गं?"