कोरियातला स्क्रीन गोल्फ : ड्रायव्हरला पैकीच्या पैकी, पटिंगला काठावर पास

किम होंगथेकला कोरियात 'स्क्रीनचा राजा' म्हणतात. बंद खोलीत, पडद्यावर चेंडू मारून खेळल्या जाणाऱ्या स्क्रीन गोल्फच्या जी-टूर या स्पर्धामालिकेत त्याने दहाच्या वर विजेतेपदं मिळवली आहेत. हाच गडी २०१७मध्ये खऱ्या मैदानावर बुसान ओपन जिंकला. २०२४मध्ये सोंगनामच्या नामसोल क्लबवर त्याने प्लेऑफमध्ये मेक्युंग ओपनही मारली आणि ३० कोटी वॉन नेले. नामसोलची ग्रीन्स (छिद्राभोवतीचं बारीक कापलेलं गवत) उतारांसाठी बदनाम आहेत, त्यामुळे 'पडद्यावरचं मैदानात चालत नाही' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

पण म्हणून खोलीत सगळंच शिकता येतं असं नाही.

स्क्रीन गोल्फच्या दुकानात १८ होलना, म्हणजे एका पूर्ण डावाला, माणशी साधारण २० ते ४० हजार वॉन पडतात. दिवसा, कामाच्या वारी कमी. मैदानावर नुसते कॅडी (सोबतचा मदतनीस) आणि गाडीचेच चौघांत मिळून अडीच लाखांच्या आसपास जातात, ग्रीन फी वेगळी. इथे क्लब (खेळायच्या काठ्या) आणि बूट दुकानातच वापरायला मिळतात. एकट्याला तासभर पुरतो, चौघांना तीन तास धरून चाला.

यंत्रणा चोख आहे. चेंडू पडद्यावर आदळायच्या आतच सेन्सर त्याचा वेग, उडण्याचा कोन आणि दिशा टिपतो. चेंडू उतारावर थांबला असेल तर पायाखालचा फळा तसाच कलतो. रफ (उंच गवत) आणि बंकर (वाळूचा खड्डा) यांच्यासाठी वेगळ्या मॅट असतात. चुकून फेअरवेच्या (आखूड गवताच्या) मॅटवरून मारलात तर यंत्र अंतर कापतं. स्विंगचा व्हिडिओ ॲपवर येतो, तो जरूर बघावा. ड्रायव्हर आणि लांब आयर्न या लांब पल्ल्याच्या क्लबांची अंतरं पक्की करायला याहून स्वस्त सोय नाही.

गडबड मॅटमुळे होते. क्लब चेंडूच्या दोन-तीन सेंटिमीटर मागे पडला तर गवतात तो रुततो आणि चेंडू जेमतेम पुढे सरकतो. मॅटवर क्लब घसरून चेंडूपर्यंत पोचतो नि फटका बरा दिसतो. त्यामुळे वेजचे (जवळच्या फटक्यांच्या क्लबचे) आकडे खोटा धीर देतात. मॅटवरचा ठसा बघा, आवाज ऐका. 'थप्' असा जड आवाज आला की फटका फसला समजायचं, पडदा काहीही म्हणो.

पटिंग, म्हणजे ग्रीनवरून चेंडू छिद्रात ढकलणं, तर वेगळाच खेळ वाटतो. पडद्यावरच्या जाळीत सरकणारे ठिपके उताराची दिशा आणि जोर दाखवतात, म्हणजे ग्रीन वाचायचं काम यंत्रच करून टाकतं. उरतो तो जोर. एक चूक सगळेच करतात: चेंडूच्या बाजूला उभं राहून पडद्यावर नेम धरायचा. तिथून रेषा तिरकी दिसते. चेंडूच्या मागे जाऊन, मॅटवरची एखादी खूण पकडून नेम धरावा.

सरावासाठी जात असाल तर सुरुवातीलाच सेटिंगमध्ये मुलिगन (फसलेला फटका पुन्हा मारायची सवलत) शून्यावर आणा आणि 'ओके'चं, म्हणजे छिद्राजवळचा चेंडू न मारताच गेला असं धरायचं, अंतर कमीत कमी ठेवा. नाहीतर मीटरभराचे पट फुकटात मिळतात आणि स्कोअर पाच-सहाने सुंदर दिसतो. टीची (चेंडू ठेवायच्या खुंटीची) उंचीही बटणाने लगेच बदलून घ्या, आधीच्या गिऱ्हाइकाची तशीच राहिलेली असते. डावखुऱ्यांनी जाण्याआधी फोन करावा. त्यांची सोय असलेल्या खोल्या मोजक्याच असतात.