शिसं म्हणून सिमेंट गळ्यात मारलं : होडीवाल्यांनो, आधी काटा करा

अठ्ठावीस वर्षं पोरांना घनता शिकवली आणि घनतेतच मला गंडवलं. ४७,५०० रुपयांना.

नाथसागरात माझी सोळा फुटी जुनी शिडाची होडी आहे. तिची कील, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बुडाला बोल्टांनी आवळलेलं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) वजन, गंजून पापुद्रे सुटले होते. उन्हाळ्यात जायकवाडीचं पाणी उतरलं की ती खडकाला घासायचीही. बिडाची घनता पाण्याच्या साधारण ७.२ पट, शिशाची ११.३४ पट. तेवढंच वजन कमी जागेत बसतं, म्हणून शिशाची आखूड कील करायचं ठरवलं. विचार चुकला नव्हता, आजही म्हणतो.

ओळखीच्या ओळखीतून समुद्रकिनाऱ्याकडचा एक गुत्तेदार मिळाला. १४० किलो शिसं, २६० रुपये किलोनं ३६,४००, ओतकाम ६,०००, सहा स्टेनलेस बोल्ट ५,१००. पंचवीस हजार आधी फोनवरून, बाकी माल उतरल्यावर रोख. "सर, आपल्यात कसली पावती?" हे वाक्य ऐकलं की उठून चालू लागा.

टेम्पोतून ती कील दोन पोरांनी उतरवली. हसत. एकानं तर कानाचा फोन खांद्यात दाबून धरला होता. १४० किलो! आणि आकार? एवढं शिसं म्हणजे जेमतेम साडेबारा लिटर, तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात मावून वर जागा उरावी. हे धूड दीड डब्याचं. मी बघत होतो हो! तेवढ्यात गुत्तेदारानं खिशातून चुंबक काढलं, "लावून बघा सर." चिकटलं नाही. नखानं ओरखडलं, आत चकाकी. मी मान डोलावली. वरचा पत्रा शिशाचाच होता ना! पन्नास पावलांवर भंगारवाल्याचा काटा होता. मी मात्र पोरांना चहा पाजला.

तुम्ही हसाल. पण मराठवाड्यात कील हाताळलेला माणूस दाखवा, विचारायचं कुणाला?

पहिल्याच पश्चिमेच्या वाऱ्यात होडी कलली ती उठलीच नाही. लाइफ जॅकेट होतं म्हणून हे लिहितोय. कील काट्यावर टाकली : ६४ किलो. ग्राइंडर लावला तर आत सिमेंट आणि खडी. बोल्टांना चुंबक टपकन चिकटलं, म्हणजे होडीला लागतं तसलं स्टेनलेस तेही नव्हतं. चुंबक बोल्टाला लावा, शिशाला नको. शिसं फक्त काट्यावर, तोही आपल्या माणसाच्या.

जुनी कीलही "टाकून देतो" म्हणून तो घेऊन गेला. हे ठाण्यात सांगितलं, "जुनी बिडाची होती." हवालदार म्हणले, "बीडची असेल तर बीडला तक्रार द्या." समजावलं तर म्हणे पैसे ज्या जिल्ह्यात गेले तिकडं जा. तिकडच्यांनी परत इकडं पाठवलं. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची नोंद कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ छापून नेलं. "सर, आम्हाला शिकवायला आलात का?" मग हा दिवाणी मामला झाला. चौथ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर. ग्राहक तक्रारीला गेलो तर पहिला प्रश्न, बिल कुठाय?

तो ठोकळा अंगणात पडलाय. बायकोनं विचारलं, या दगडाचे किती पडले? सहा हजार म्हणलंय.