एमएसडब्ल्यूचा हिशेब, निपाणीहून

मी निपाणीची. 2022 ते 2024 या काळात बेळगाव शहरातील एका खासगी महाविद्यालयातून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केली आणि सध्या एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नोकरी करते. ‘या पदवीत पैसे सुटतात का?’ असे ओळखीतली मुले विचारतात, म्हणून वहीतले आकडेच पुढे ठेवते. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही.

दोन वर्षांचे शुल्क 59,000 रुपये झाले. ग्रामीण शिबिर आणि अभ्यासदौऱ्याला 9,000 गेले, तर बसचा पास, झेरॉक्स, लघुशोधप्रबंधाचे टंकलेखन आणि बांधणी यांत किरकोळ म्हणता म्हणता 6,000 संपले. रोख खर्च असा 74,000 झाला. प्रवासाने मात्र मला तारले. निपाणी ते बेळगाव सुमारे 75 किलोमीटर आहे. पहिल्या वर्षी विद्यार्थी पास होता आणि 11 जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला. कोल्हापूर निपाणीहून बरेच जवळ असूनही बेळगाव निवडण्यामागे पुढची नोकरी कर्नाटकात करायची, हा विचार होता.

पावतीवर न येणारा खर्च याहून मोठा आहे. प्रवेश घेतला त्या वेळी कापडाच्या दुकानात महिना 8,000 रुपयांचे काम मला मिळत होते. ते सोडले, म्हणजे दोन वर्षांत 1,92,000 रुपयांवर पाणी सोडले. एम.ए. नोकरी सांभाळून बाहेरून करता येते, महाविद्यालयातले नियमित एमएसडब्ल्यू तसे होत नाही. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्कचे, म्हणजे वस्तीत किंवा संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम करण्याचे असतात, त्यांचा अहवाल त्याच आठवड्यात लिहून द्यावा लागतो आणि शेवटच्या सत्रानंतर महिनाभराची ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एकाच संस्थेत सलग काम, असते, तीही बिनपगारी. तेव्हा पदवीची खरी किंमत 2,66,000 रुपये धरावी, असे माझे मत आहे.

तरीही या अभ्यासक्रमात दाम वसूल करून देणारी गोष्ट कोणती असे विचारले, तर मी फील्डवर्कच म्हणेन. दुसऱ्या वर्षी मला निपाणीतल्याच एका बिडीकामगार वस्तीत नेमले होते. एका आजींकडे गृहभेटीला गेले, तेव्हा त्या मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. कात्रीने बेतलेले तेंदूचे पान, त्यात चिमूटभर तंबाखू, वळले, दोरा गुंडाळला, की पुढचे पान. बोलताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही, कारण मजुरी हजारावर मिळते आणि माझ्याशी बोलण्याची मजुरी कोणी देत नव्हते. संध्या सुरक्षा या राज्याच्या वृद्धापकाळ पेन्शन योजनेचा त्यांचा अर्ज मला भरायचा होता. आजी मराठी बोलत होत्या, अर्ज कानडीत होता आणि माझी सारी शाळा मराठी माध्यमात झालेली. शाळेत कानडी विषय होता, पण तो उत्तीर्ण होण्यापुरता. मी अडखळत लिहू लागले, तेव्हा पाचवीत कानडी शाळेत जाणारा त्यांचा नातू खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, ‘अक्का, इथं ळ पाहिजे, ल नाही.’ मी खोडून पुन्हा लिहिले. गटकार्याचे सिद्धांत मी वर्गात शिकले, पण मला काय येत नाही हे त्या दिवशी कळले.

आपल्या सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी या पदवीचे हेच छुपे शुल्क आहे. संवाद मराठीत उत्तम होतो, पण केसची नोंद, बालकल्याण समितीसमोरचा अहवाल, तालुका कार्यालयाशी होणारा पत्रव्यवहार हे सगळे कानडीत चालते. महाविद्यालयाने त्यासाठी काहीही केले नाही. मी दीड वर्ष एका शिक्षिकेकडे जात होते. त्यांनी पैसे घेतले नाहीत, नाहीतर तोही खर्च वर मांडावा लागला असता.

आता मिळकत. पहिली नोकरी बचत गटांच्या एका प्रकल्पात, महिना 13,500 रुपये. निधी संपला आणि अकराव्या महिन्यात नोकरीही संपली. दुकानातल्या पगाराशी तुलना केली, तर महिन्याला 5,500 रुपये जास्त. या वेगाने 2,66,000 भरून निघायला चार वर्षे लागली असती. रुग्णालयात 19,000 मिळतात, तेव्हा तो काळ साधारण दोन वर्षांवर आला आहे, अर्थात दुकानातला पगार तिथेच थांबला असता असे गृहीत धरून. सरकारी बाजूही फार हिरवी नाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा बाल संरक्षण घटकातील सामाजिक कार्यकर्त्याचे मानधन महिना 18,536 रुपये आणि आउटरीच कार्यकर्त्याचे 10,592 रुपये धरले आहे. हे काम कंत्राटी असते आणि त्यासाठी एमएसडब्ल्यूच हवे असेही नाही, पदवीधर चालतो. संस्थांचे हातही आखडले आहेत. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने मिळालेली देणगी दुसरीकडे वळवण्यास बंदी आली. मोठ्या संस्थेच्या आधारावर चालणाऱ्या छोट्या संस्थांना याचा फटका बसणारच.

महाविद्यालयाबद्दल एवढेच सांगते, की माहितीपत्रकात ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ छापले होते आणि प्रत्यक्षात दोन वर्षांत एकदाच मुलाखती झाल्या, त्याही विमा एजंट हवे होते म्हणून. प्राध्यापक चांगले होते, ग्रंथालय बरे होते.

विशेष विषयाची निवड हिशेब बदलते. मनुष्यबळ व्यवस्थापन घेतलेले माझे दोन वर्गमित्र बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत लागले आणि पगारात आम्हा सर्वांच्या पुढे आहेत. 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन 1948 च्या कारखाने अधिनियमानेच घातले होते, त्यामुळे या वाटेला पाया जुना आहे. मानसोपचार क्षेत्रात जायचे असेल, तर आणखी दोन वर्षे धरून चालावे, कारण 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसोपचार क्षेत्रातल्या सामाजिक कार्यकर्त्याच्या (सायकियाट्रिक सोशल वर्कर) व्याख्येत एमएसडब्ल्यूनंतरचे पूर्णवेळ एम.फिल. आहे. समुदाय विकास मी आवडीने घेतला. तो पोट भरतो, पण हळू भरतो.

पाचपैकी तीन गुण देते. शुल्कासाठी कर्ज काढावे लागणार असेल आणि कानडी लिहिता येत नसेल, तर दोनच. अशा मुलाने आधी वर्षभर कानडीचा सराव करावा आणि प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रकाऐवजी मागच्या तुकडीतल्या चार जणांचे फोन नंबर मागून घ्यावेत.