एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीसाठी रूळ: कोड १०० की कोड ८३?
कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत. एचओचं प्रमाण १:८७, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या ८७व्या भागाएवढं. नागपूरहून वर्ध्याकडे आणि इटारसीकडे जाणाऱ्या मेन लाइन्सवरचा मीटरला ६० किलोचा रूळ १७२ मिमी उंच. ८७ने भागला की जेमतेम २ मिमी. कोड १०० भरतो २.५४ मिमी, म्हणजे प्रत्यक्षातला २२१ मिमी! फोटोत तो लगेच डोळ्यांत खुपतो. कोड ८३ साधारण २.१ मिमी; दिसणाऱ्या भागात मी तोच टाकेन. जुन्या इंजिनांच्या चाकांचे फ्लँज (रुळाच्या आतल्या बाजूला उतरणारी चाकाची कड) खोल असतील तर मात्र ती कोड १००वरच बिनघोर धावतात. बोगद्यात, लपलेल्या यार्डातही तोच चालेल. दोन्ही जोडताना रुळांचे माथे एका पातळीत आणा, नाहीतर चाक तिथेच उतरतं.