बेळगावच्या टिळकवाडीतलं सायकलचं दुकान: रेसिंगला लागलेल्या पोरांसाठी

माझी लेक यंदा १७ पूर्ण करतेय, म्हणजे यूसीआयच्या (सायकलिंगची जागतिक संघटना) नियमानं ज्युनिअर गटात. तिच्यासाठी पहिली रोड बाईक इथूनच घेतली. महागडी कार्बन फ्रेम गळ्यात मारतील अशी धास्ती होती. मालकच म्हणाले, "ताई, पोरगी अजून वाढतीय. अ‍ॅल्युमिनियमची घ्या, उरलेले पैसे हेल्मेट आणि चांगल्या टायरांना लावा."

खरी किंमत फिटिंगची. पेडल अगदी खाली आणून त्यावर टाच ठेवायला लावली, गुडघा सरळ होतो का बघितलं, सीट थोडी वर घेतली, स्टेम (हँडल पुढे धरणारा दांडा) आखूड बसवला. घाई म्हणून नाही! जुन्या सायकलवर जांबोटी रोडच्या चढाला तिचे गुडघे दुखायचे, आता दुखत नाहीत. ज्युनिअरांवरची जड गिअरची मर्यादा २०२३ पासून उठलीय, हेही त्यांना ठाऊक. तरी जड गिअर रेटू नको, हलका भराभर फिरव, असं तिला बजावलं.

क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे शूज मात्र मागवावे लागतात, वेळ जातो. रविवारी दुकान बंद असतं, त्यामुळे रेस असेल तर सायकल दोन दिवस आधीच सर्व्हिसिंगला टाका.