रोसेंट्रलफोम: शॉकला पक्का, वेळेला महाग

टाकीत १०० बार नायट्रोजन, मधे झटकन उघडणारा व्हॉल्व्ह, पुढे १० मिमीचं ऑरिफिस आणि प्रेशर सेन्सर लावलेला पाइप. अशा टेस्ट रिगचं सिम्युलेशन लायसन्सचे पैसे न मोजता करायचं, तर ओपनफोम या मोफत प्रवाह-सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधला रोसेंट्रलफोम हा वेगवान वायूप्रवाहाचा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) आधी बघावा. ओपनफोम दोन संस्था काढतात. त्यातल्या ओपनफोम फाउंडेशनच्या ११व्या आवृत्तीपासून त्याची जागा शॉकफ्लुइड मॉड्यूलने घेतली आहे. दुसऱ्या, म्हणजे ओपनसीएफडीकडे जुनंच नाव चालतं.

शॉक, म्हणजे दाबाची अचानक उडी, पकडण्यात हा सॉल्व्हर पक्का आहे. फ्लक्ससाठी (एका सेलमधून, म्हणजे जाळ्याच्या घरातून, दुसऱ्यात जाणाऱ्या प्रवाहासाठी) कुर्गानोव्ह, घनता आणि तापमानाला व्हॅनलियर, वेगाला व्हॅनलियर-व्ही एवढ्या गणितपद्धती ठेवल्या की शॉक मोजक्या सेलमध्ये बसतो. सोबतचा शॉक ट्यूबचा नमुना (१ बार विरुद्ध ०.१ बार, १००० सेल) आधी चालवून सूत्राच्या उत्तराशी ताडून घ्या.

किंमत वेळेत मोजावी लागते. कूरांट आकडा (वेळेच्या एका पावलात लहर सेलचा किती भाग ओलांडते तो) ०.२ च्या वर नेऊ नका. सेल ०.२५ मिमीचा आणि लहरीचा वेग १००० मी/से धरला, तर एक पाऊल ०.०५ मायक्रोसेकंदाचं. २० मिलिसेकंदांसाठी चार लाख पावलं! म्हणून रिग गोल असेल तर वेज जाळंच (अक्षाभोवतीची एकच पातळ पाचर) घ्या, पूर्ण त्रिमितीचा हट्ट नको.

खरी गडबड होते ती तापमानात. ३०० केल्विनचा वायू मॅक २ ला (ध्वनीच्या दुप्पट वेगाला) पोचला की १६७ केल्विनवर येतो. वायूची विशिष्ट उष्णता तापमानानुसार देणाऱ्या जॅनॅफ तक्त्यांची खालची मर्यादा सहसा २०० केल्विन. त्याखाली सॉल्व्हर नुसती ताकीद देतो, तापमान तिथेच अडवतो आणि पुढे चालत राहतो. लॉग न वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. थंड जेटसाठी स्थिर विशिष्ट उष्णता बरी. ‘मॅक्सिमम नंबर ऑफ इटरेशन्स एक्सीडेड’ म्हणत रन कोसळला, तर बहुतेक वेळा एखाद्या वाकड्या सेलमध्ये तापमान ऋण झालेलं असतं. जाळं तपासा, पाऊल लहान करा.

दाबाचीही मर्यादा आहे. १०० बारला नायट्रोजन आदर्श वायूसारखाच वागतो, पण ३०० बारला आदर्श समीकरण टाकीतलं वस्तुमान १३-१४ टक्के जास्त दाखवतं. नुसतं समीकरण बदलूनही भागत नाही, कारण ध्वनीचा वेग आत आदर्श वायूच्याच सूत्राने काढला जातो. तिथे दुसरा सॉल्व्हर शोधलेला बरा.

सेटफील्ड्सने (सुरुवातीची स्थिती भरणाऱ्या ओपनफोमच्या साधनाने) दाबाची पायरी मांडली की व्हॉल्व्ह शून्य वेळात उघडल्यासारखं होतं आणि पहिला शॉक रिगपेक्षा कडक येतो. डायाफ्राम फुटण्याला हे चालेल. व्हॉल्व्ह उघडायला काही मिलिसेकंद घेत असेल, तर इनलेटला वेळेनुसार बदलणारा एकूण दाब द्या. आउटलेटला दाब स्थिर ठेवू नका, लहर उलटी फिरते, वेव्हट्रान्समिसिव्ह ही लहर बाहेर जाऊ देणारी सीमा-अट लावा.

हातचा हिशोबही ठेवा. १०० बार, ३०० केल्विन आणि १० मिमी ऑरिफिसला चोक्ड प्रवाह (छिद्रात ध्वनीचा वेग गाठल्यावरचा कमाल प्रवाह) १.८ किलो/सेकंद गुणिले डिस्चार्ज गुणांक (प्रत्यक्ष आणि आदर्श प्रवाहाचं गुणोत्तर). सॉल्व्हर त्याहून जास्त दाखवत असेल तर सीमा-अटी चुकल्या आहेत. आणि सेन्सर भिंतीत ५ मिमी आत बसवला असेल तर ती खाचही जाळ्यात धरा. नाहीतर रिगवर दिसणारी १७ किलोहर्ट्झच्या आसपासची थरथर सिम्युलेशनमध्ये येणार नाही, आणि दोष उगाच सॉल्व्हरच्या माथी बसेल.